मावशी, एक पिशवी द्या

सरकारने माझ्यावर आणखी एक कर बसवावा, अशी माझी मागणी आहे. वाचकहो, वाक्य पुन्हा वाचू नका, छपाईची चूक झालेली नाही.

मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. आहे. मुलुंड पूर्वेला राहतो. पगार माझ्या हातात पडण्याआधी आयकर त्याला भेटून गेलेला असतो. तेव्हा कर या विषयावर माझे प्रेम असण्याचे काहीही कारण नाही. शिवाय आम्ही मुलुंडकर म्हणजे जकातनाक्याच्या सावलीत वाढलेली माणसे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तोवर चेकनाक्यावर खोळंबलेले ट्रक मोजून आमची पोरे शंभरपर्यंत आकडे शिकत. असा मी आज हात जोडून म्हणतो आहे, की बाबांनो, प्लास्टिकच्या पिशवीवर पाच रुपये कर बसवा आणि तो माझ्याकडून वसूल करा.

सौ.ने एवढे वाचले आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही," ती म्हणाली. "मग असं काय लिहिताय?"

तेच सांगतो.

२३ मार्च २०१८ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनला, ती प्रत्यक्ष लागू झाली. पिशवी बाळगणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैद. विकणारा, देणारा, घेणारा, सगळे एकाच माळेचे मणी. आमच्या शाखेत त्या दिवशी कामकाज जवळजवळ ठप्प होते. "तुरुंगात जाताना कपडे कशात भरून न्यायचे?" या प्रश्नावर दुपारच्या डब्यापर्यंत चर्चा चालली आणि निर्णय न होता सभा बरखास्त झाली.

पहिले आठ दिवस मुंबई विलक्षण देखणी दिसत होती. ज्याच्या त्याच्या हातात कापडी पिशवी. कुणाच्या पिशवीवर सराफाची जाहिरात, कुणाच्या पिशवीवर 'चि. सौ. कां.' आणि खाली लग्नाची तारीख. मी स्वतः एका निवृत्त सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मिळालेली पिशवी घेऊन हिंडत होतो. तिच्यावर त्यांचा फोटो होता. भाजी घेताना बायका त्यांच्याकडे आदराने पाहत.

मग पाऊस वाढला आणि उत्साह ओसरला. किराणा दुकानदारांच्या वेष्टनाला काही दिवसांतच सूट मिळाली. हळूहळू भाजीच्या पाटीखाली गोणपाट आले आणि गोणपाटाखाली पिशव्या आल्या. मुंबईकराला ही कला नवी नाही. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, तेव्हापासून काय कशाखाली ठेवायचे हे या शहराला पाठ आहे. पुढे सरकारने त्या बंदीचे परवाने केले, परवान्यांवर शुल्क घेतले, बाटलीवर कर घेतला. एका बाटलीने जे शिकवले ते पिशवीच्या वेळी कसे विसरले गेले, ते मला समजत नाही.

आता माझा गुन्हा सांगतो.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी गाडीतून उतरलो. स्टेशनबाहेर भाजीवाल्या मावशी बसतात. गेली पंधरा वर्षे मी त्यांच्याकडूनच भाजी घेतो. त्या दिवशी वीस रुपयांची कोथिंबिरीची जुडी घेतली, दोन लिंबे घेतली आणि म्हणालो, "मावशी, एक पिशवी द्या."

"दादा, रोज रोज कुठून द्यायची? बंद झाल्यात ना त्या."

"अहो, आजच्या दिवस."

हे 'आजच्या दिवस' मी त्या महिन्यात रोज म्हटले होते. मावशींनी इकडेतिकडे पाहिले, गोणपाट उचलले, पिशवी काढली आणि कोथिंबीर तिच्यात घालून दिली. मी ती घेतो न घेतो तोच चार माणसांचे तपासणी पथक येऊन उभे राहिले. त्यांनी गोणपाट पुन्हा उचलले. खाली असतील अर्धा किलो पिशव्या. पावतीपुस्तक निघाले. पाच हजार रुपये.

मी आकडेमोडीत बरा आहे. वीस रुपयांची एक, अशा अडीचशे जुड्या विकल्या तर पाच हजार होतात. तेही कोथिंबीर फुकट उगवली, फुकट आली आणि एकही जुडी सुकली नाही तर.

आणि कायद्याने तितकाच गुन्हेगार असलेला मी काय करत होतो? मी पिशवी डब्याच्या खाली, बॅगेच्या तळाशी दडपली आणि शेजारच्या गाडीवर केळ्यांचा भाव विचारत होतो. एकदा नव्हे, तीनदा विचारला. केळेवाल्याने तिन्ही वेळा साठच सांगितला. मावशींनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिले. "हा बघा, यालाच दिली आत्ता," असे त्या म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत. बँकेत ज्या रकमेचा खुलासा होत नाही ती आम्ही 'सस्पेन्स' खात्यात टाकतो. ती नजर माझ्या सस्पेन्स खात्यात अजून पडून आहे.

या प्रकाराची कबुली मी आमच्या सोसायटीतल्या एका काकांजवळ दिली. काका निवृत्त आहेत, त्यामुळे त्यांना सर्व विषयांवर मते आहेत. ते म्हणाले, "सोपं आहे. बंदीच काढून टाका. एवढीशी पिशवी ती काय करणार?"

एवढीशी पिशवी काय करते, ते मी पाहिले आहे. २६ जुलै २००५. मी नुकता पदवीधर, नोकरीच्या शोधात घाटकोपरला एका मुलाखतीला गेलेलो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आता मुंबईच्या माणसाला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. गाड्या बंद. मी रुळांवरून विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप करत रात्री मुलुंडला पोचलो. माझी बी.कॉम.ची गुणपत्रिका एका वाण्याने दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत होती आणि ती कोरडी राहिली. उपकार विसरणारा मी नव्हे. आज मी बँकेत आहे, त्यात त्या पिशवीचाही वाटा आहे. पण तिच्याच बहिणी त्या दिवशी शहरातल्या गटारांची तोंडे बंद करून बसल्या होत्या. पाऊस अफाट होता, भरती होती, मिठी नदी आवळलेली होती, हे सगळे खरे. सगळा दोष पिशवीचा नव्हता. पण पाणी जायला जी काय उरलीसुरली वाट होती, तिच्यात पिशवी होती. म्हणून तर २००६ साली राज्याने नियम केला, की ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालणार नाही.

आणि मुलुंडकराला तर हे सांगायलाच नको. आमच्याकडे कचऱ्याचा एक डोंगरच होता. वारा तिकडून आला की पाहुणे चहा न घेता उठत. ज्या २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, त्याच वर्षी आमचे डम्पिंग ग्राउंड बंद झाले आणि मग तो डोंगर उपसायचे काम हाती घेण्यात आले. भाजी कुजली, कागद कुजला, पिशवी मात्र आहे तशी. आमच्या लग्नातल्या ताटल्या तिथे सापडल्या तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

तेव्हा बंदी काढा म्हणणाऱ्या काकांच्या बाजूचा मी नाही. आणि दंड वाढवा म्हणणाऱ्यांच्या बाजूचाही नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी या दुसऱ्या पक्षाचे. "पाच हजारानं काय होतंय? पन्नास हजार करा, सरळ होतील!" असे ते गरजतात. गरजताना त्यांच्या हातात काय असते, ते मी सांगत नाही. शेजारधर्म आहे.

माझे म्हणणे बँकेच्या काऊंटरवर बसून झालेले आहे, म्हणून काऊंटरवरचाच दाखला देतो. खात्यातून एसएमएसचे १५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी मिळून १७ रुपये ७० पैसे कापले, की दुसऱ्या दिवशी साडेदहाला एक गृहस्थ पासबुक घेऊन माझ्यासमोर उभे. रिक्षाला येता-जाता सत्तर रुपये घालून ते आलेले असतात. "हे सतरा सत्तर कसले?" मी समजावतो. ते ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, या वेळी मेव्हण्याला घेऊन. आता याच गृहस्थांना विचारा, "काका, प्लास्टिकच्या पिशवीला पाच हजार रुपये दंड आहे, माहीत आहे का?" ते शांतपणे म्हणतील, "हो, वाचलंय." आणि खिशातून पिशवी काढून तिच्यात पासबुक ठेवतील.

यात मध्यमवर्गाचे सगळे अर्थशास्त्र आले. मोठा दंड म्हणजे आकाशातली वीज. ती पडते, पण शेजाऱ्यावर पडते. छोटा कर म्हणजे डास, तो रोज चावतो. विजेला भिऊन कोणी छत्री टाकत नाही, पण डासासाठी आम्ही घरोघर जाळ्या बसवल्या आहेत.

दुसरा दाखला घरातला. दुधाची पिशवी तुम्ही कधी नाल्यात तरंगताना पाहिली आहे का? क्वचित. कारण सौ. ती कापते, धुते, नळाच्या तोटीवर पालथी घालते, वाळवते आणि रद्दीवाल्यासाठी साठवते. रद्दीवाला तिचे किलोवर पैसे देतो. (कापताना कोपरा वेगळा करायचा नाही, नुसती चीर द्यायची, असा आमच्या घरी दंडक आहे, कारण तो चिमुकला तुकडा कुणी उचलत नाही. हा दंडक मी मोडतो. दंड होत नाही, बोलणी बसतात, आणि ती पाच हजारांहून महाग असतात.) पाण्याची बाटली रस्त्यावर पडली तर कचरा वेचणाऱ्या बाई ती उचलतात, कारण बाटलीला भाव आहे. पण भाजीची पातळ पिशवी? ती किलोभर व्हायला शेकड्यांनी गोळा करावी लागते. तिच्यासाठी कोण वाकणार? ती फुकट आली आणि फुकट गेली, गटारात.

माझे सगळे म्हणणे एवढेच आहे, की जिला किंमत आहे ती वस्तू गटारात जात नाही. आमच्या पिशवीचा खरा रोग प्लास्टिक नसून फुकटपणा आहे.

हे सरकारला कळले नव्हते असे नाही. २०११च्या केंद्राच्या नियमांतच होते, की दुकानदाराने पिशवी फुकट देऊ नये. दिली, सर्वांनी दिली. कारण पिशवीचे दोन रुपये मागणाऱ्या मावशींकडचे गिऱ्हाईक उठून फुकट देणाऱ्या मावशींकडे जाते. मीच जाईन. मग २०१६च्या नियमांत दुसरी युक्ती निघाली. ज्या दुकानदाराला पिशव्या द्यायच्या असतील, त्याने नोंदणी करून महिन्याला किमान ४,००० म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये शुल्क भरावे. आता महिन्याला चार हजार भरून पालकाची जुडी विकणारी मावशी मला दाखवा. मी तिला आमच्या बँकेत शाखाधिकारी करायची शिफारस करतो. २०१८च्या मार्चमध्ये ते कलमच काढून टाकण्यात आले.

मधल्या काळात जो विचार झाला तो मायक्रॉनचा झाला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केंद्राने १९९९ साली पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली, २०११ साली ४०, २०१६ साली ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. माझ्या वजनाचा आलेखही याच वर्षांत साधारण असाच चढला आहे. पण पन्नास आणि पंचाहत्तर मायक्रॉनमधला फरक मावशींनी कसा ओळखायचा? उजेडात धरून? मी एकदा विचारले, तर म्हणाल्या, "ज्यात वांगी फाटत नाय ती जाड." व्याख्या वाईट नाही.

१ जुलै २०२२ पासून तर देशभर स्ट्रॉ, चमचे, ताटल्या आणि प्लास्टिकच्या दांडीच्या कान कोरायच्या काड्या यांच्यावरही बंदी आहे. कान साफ करण्याची साधने कमी झाल्यामुळेच बहुधा हा कायदा अनेकांच्या कानांपर्यंत पोचला नाही.

तुम्ही म्हणाल, कराने तरी काय होते? गंमत पाहा. २००२ या एकाच वर्षात दोन देशांनी दोन वाटा धरल्या. बांगलादेशाने पातळ पिशव्यांवर बंदी घातली. त्यांचीही गटारे पुरात पिशव्यांनी तुंबली होती, आपल्यासारखीच. आणि आयर्लंडने ४ मार्चपासून दर पिशवीला १५ सेंट कर लावला, जो गिऱ्हाइकाने द्यायचा. आयर्लंडमध्ये वर्षाला माणशी सुमारे ३२८ पिशव्या लागत, त्या २१वर आल्या. पुढे माणसे जरा सैलावली, आकडा वर सरकू लागला, तेव्हा २००७ साली कर २२ सेंट केला. बांगलादेशाला मात्र २०२४ साली, म्हणजे बावीस वर्षांनी, तीच बंदी पुन्हा लागू करायची घोषणा करावी लागली. आधी मोठ्या दुकानांत, मग बाजारांत. आता आयर्लंड लहान देश, तिथे दुकानात यंत्रावर बिल निघते, आपल्याकडे पाटीवर बिल निघत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून माझी योजना थोडी वेगळी आहे. कारकुनाची योजना आहे, त्यामुळे तिच्यात कलमे आहेत.

एक, पातळ पिशवी बनवणाऱ्याला पकडा. ती मावशींच्या पाटीखाली उगवत नाही. कुठल्या तरी यंत्रातून गुंडाळ्यांनी बाहेर पडते आणि त्या यंत्राला पत्ता असतो. दंडाचे पाच हजार, पंचवीस हजार, पाहिजे तेवढे तिथे घ्या.

दोन, जी जाड पिशवी चालू द्यायची, तिच्यावर पाच रुपये कर कारखान्याच्या दारातच घ्या. आमचा आयकर उगमस्थानी कापतात ना, तसा. आणि काडेपेटीवर किंमत छापतात तशी ती पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापा. म्हणजे मावशी महाग आणि शेजारचा स्वस्त हा प्रश्नच उरणार नाही. सगळीकडे पाच. मी हुज्जत घालीन, मावशी छापलेल्या आकड्यावर बोट ठेवतील.

तीन, आलेला पैसा कुठे गेला ते दाखवा. आमच्या टी वॉर्डाच्या दाराशी एक फळा लावा. त्यावर पिशव्यांचे इतके आले, नाले उपसायला इतके, कचरा निवडणाऱ्या बायकांना इतके, शिल्लक इतकी, असे लिहा. ज्या कराचा फळा नाही तो कर मी देणार नाही.

या तिसऱ्या कलमाला कारण आहे. काही दुकानांत हल्ली आपल्याला पिशवी विकत घ्यावी लागते, तिच्यावर जाहिरात दुकानाची आणि पैसे जातात दुकानाच्या गल्ल्यात. चंडीगडला अशाच एका चपलांच्या दुकानाने कागदी पिशवीचे ३ रुपये लावले. गिऱ्हाईक ग्राहक मंचात गेले आणि २०१९ साली मंचाने दुकानाला ९,००० रुपये भरायला लावले. काका हा निकाल कापून ठेवून मला दाखवत होते. "बघा, पिशवीचे पैसे घेणं चूक!" मी म्हटले, काका, हा दाखला माझ्या बाजूचा आहे. तीन रुपये माणसाला इतके झोंबतात, की तो मंचाची पायरी चढतो. झोंबणे हेच तर आपल्याला हवे आहे. फक्त ते तीन रुपये दुकानदाराच्या नफ्यात न जाता नाल्याच्या खर्चात जावेत.

आता सर्वांत मोठा आक्षेप. आमच्या समोरच्या इमारतीतल्या एक प्राध्यापिका बाई म्हणाल्या, "गरिबांनी पाच रुपये कुठून द्यायचे?" प्रश्न खरा आहे आणि तो विचारल्याबद्दल मला बाईंविषयी आदर आहे. पण मी स्टेशनबाहेर पंधरा वर्षे पाहतो आहे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई नायलॉनची पिशवी घडी करून कनवटीला बाळगतात. माथाडी कामगार खांद्यावरच्या टॉवेलात कांदे बांधून नेतो. पिशवी मागतो तो मी. माझ्या स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला एक पिशव्यांची पिशवी टांगलेली आहे. मराठी घर आहे, ती असणारच. तिच्यात परवा मोजल्या तर अडोतीस पिशव्या निघाल्या. त्यातली एक घडी करून खिशात टाकायला चार सेकंद लागतात. तेवढे मला होत नाही, आणि त्याची किंमत आज कोण देते? पाच हजारांची पावती घेणारी मावशी देते. म्हणजे गरिबावर कर आजच बसलेला आहे. मी फक्त तो श्रीमंताच्या, निदान कारकुनाच्या, खिशाकडे वळवा म्हणतो आहे. शिवाय न भरणारा चोर न ठरता शहाणा ठरतो, असा हा एकच कर मला ठाऊक आहे. पिशवी आणा, कर बुडवा. असे उत्तेजन आयकर खात्याने मला कधी दिले नाही.

राहिली अनामत. २०१८च्या अधिसूचनेत एक फार शहाणी गोष्ट होती. दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे अनामत घ्यायची आणि पिशवी परत आणली की ते पैसे परत द्यायचे. कल्पना आपल्या घरचीच आहे. आरेचे दूध काचेच्या बाटलीतून मिळे तेव्हा रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली हातात पडत नसे. माझी आई सांगते, लहानपणी तिच्या हातून बाटली फुटली तेव्हा ती अर्धा तास जिन्यात बसून होती. आज कुणाच्या हातून पिशवी पडली म्हणून कोणी जिन्यात बसलेले मी पाहिले नाही.

पण अनामत ठरवली ती ५० पैशांची! इथे मात्र मला बँकेचा माणूस म्हणून बोलले पाहिजे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ला चलनातून गेली. ५० पैशांचे नाणे कायद्याने आजही चालते, एका वेळी दहा रुपयांपर्यंत घ्यावेही लागते. पण ते शेवटचे कुणाच्या हातात पाहिले, आठवा. ज्या नाण्याला वाणी हसतो, कंडक्टर रागावतो आणि भिकारी सल्ला देतो, त्या नाण्याच्या भरवशावर पिशव्या परत कशा येणार? मी आजवर दुधाच्या पिशवीची अनामत दिलेली नाही आणि परत घेतलेली नाही. दोन रुपये करा. मग पाहा, आमच्या सोसायटीतली पोरे कचऱ्याच्या डब्यांवर पाळत ठेवतील.

झाले. कलमे संपली. आता मावशींचे राहिलेले सांगतो.

दंडाच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेतून अडीच हजार रुपये काढले. गुन्ह्यात माझी निम्मी भागीदारी, असा हिशेब. पाटीसमोर उभा राहिलो आणि पाकीट पुढे केले.

"हे काय?" मावशींनी विचारले.

"कालच्या दंडातले निम्मे. पिशवी तुम्ही माझ्यासाठी काढली होतीत."

"ठेवा ते. दंड माजा झाला, माजा मी फेडीन." मग पालकावर पाणी मारत, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पैशे नको दादा. पिशवी आणत जावा."

मी आग्रह केला. फार नाही केला. तेही लिहून ठेवतो, कारण इथवर सगळे खरे लिहिले आहे.

पिशवी मी आठ दिवस नेली. नवव्या दिवशी विसरलो. सवयीने तोंडातून निघाले, "मावशी, एक पिशवी..." आणि पुढचे शब्द मी गिळले. मावशींनी गोणपाट उचलले. माझ्या पोटात गोळा आला. पण खालून निघाली ती जुन्या नऊवारीची शिवलेली पिशवी, हिरवी, जरीचा काठ उरलेली.

"धा रुपये," मावशी म्हणाल्या. "परत आणली का धा परत. नाय आणली तर माजे."

सही नाही, अर्ज नाही, मायक्रॉन नाही. तिसरी इयत्ता शिकलेल्या बाईने गोणपाटाखाली आरेची दूधयोजना उघडली होती.

हे लिहीत असताना सौ. पिशव्यांच्या पिशवीत काहीतरी शोधत होती. तिने आतून तीन पिशव्या काढून माझ्यापुढे टाकल्या. एक हिरवी, दोन जांभळ्या. "मावशींच्या ना? तीस रुपये अडकलेत आपले. किती दिवस?"

पाच हजारांच्या दंडाने मला केळ्यांचा भाव विचारायला लावले होते. तीस रुपयांनी चपला घालायला लावल्या. लेख इथेच थांबवतो. मावशी साडेआठला पाटी उचलतात, आणि माझे पैसे त्यांच्याकडे आहेत.